कौलारू तबकडी : बोलींची ध्वनिमुद्रणे आणि कंपनांचा प्रश्न

गेली सतरा वर्षे मी जोयडा तालुक्यातील आणि त्याला लागून असलेल्या गोव्याच्या हद्दीतील मराठी बोलण्याची ध्वनिमुद्रणे करीत आहे. या मुलखात भाषा एकमेकींच्या अंगणात राहतात. कुणबी घरांत कोकणी, गवळी-धनगरांच्या वस्त्यांवर त्यांची स्वतःची मराठी वळणाची बोली, बाजारात आणि कचेरीत कन्नड, आणि जुन्या पिढीच्या तोंडी शाळेत शिकलेली पुस्तकी मराठी. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, हे त्या पिढीच्या अक्षरावरूनही कळते. साहित्याची प्राध्यापक म्हणून मला शब्दांत रस होता, यंत्रात नव्हता. ध्वनिमुद्रण करावे, घरी आणून हार्ड डिस्कवर ठेवावे, आणि सवडीने ऐकून उतरवून घ्यावे, एवढीच माझी पद्धत. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी असते, असे मी धरून चालले होते. 2021 च्या पावसाळ्यात तसे झाले नाही. त्या अनुभवातून जे समजून घ्यावे लागले ते अकादमीच्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवते, कारण बोलींवर काम करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात अशी एखादी डिस्क आहे.

माझे माहेर कॅसलरॉकचे. वडील रेल्वेत होते. निवृत्तीनंतर त्यांनी स्टेशनापासून थोड्या अंतरावर कौलारू घर बांधले, तिथे आता भाऊ-वहिनी राहतात. कॅसलरॉक म्हणजे घाटमाथ्यावरचे शेवटचे स्टेशन. इथून लोहमार्ग दूधसागरच्या अंगाने कुळ्यापर्यंत 26 किलोमीटर उतरतो, आणि चढ काही ठिकाणी 37 फुटांना एक फूट इतका आहे. मुरगाव बंदरातून कोळसा घेऊन वर येणाऱ्या मालगाडीला मागून रेटा देणारी इंजिने लावावी लागतात. गाडी घाट चढून वर आली की घराच्या खिडक्यांची तावदाने किणकिणतात. लहानपणी आम्ही त्या आवाजावरून, गाडी भरलेली की रिकामी, ते ओळखत असू.

ध्वनिमुद्रणांचा साठा मी याच घरी ठेवला होता, कारण सुट्टीत मी इथूनच वस्त्यांवर जात असे. चार हार्ड डिस्क एकत्र बसवलेला एक डबा होता. चारांपैकी एक डिस्क बिघडली तरी उरलेल्या तिघींवरून माहिती पुन्हा उभी करता येते, अशी त्याची रचना. या सोयीमुळे मी निर्धास्त झाले आणि दुसरी प्रत करण्याचे राहून गेले. ही चूक माझी, डब्याची नव्हे.

डबा अधूनमधून फार हळू चाले. एक तासाचे स्वच्छ, न दाबलेले ध्वनिमुद्रण साधारण एक गिगाबाइट जागा घेते. ते उतरवायला कधी दहा सेकंद लागत तर कधी दोन मिनिटे. मी मनाशी ठरवून टाकले की हे गाडीमुळे होते. जमीन हादरते, डबा हादरतो, डिस्क अडखळते. कल्पना इतकी पटण्यासारखी होती की मी ती तपासली नाही. साहित्याच्या माणसाला चांगली प्रतिमा सापडली की तो पुरावा शोधायचे थांबतो.

2021 च्या जुलैत चारांपैकी एक डिस्क बंद पडली. त्याच आकाराची, चार टेराबाइटची, नवी डिस्क मागवून बसवली. डब्याने पुनर्बांधणी सुरू केली आणि बारा तासांचा अंदाज दाखवला. सहाव्या दिवशीही ती चालूच होती. सातव्या दिवशी डब्याने नवी कोरी डिस्कच नादुरुस्त ठरवून बाहेर काढली. मी पुन्हा बसवली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला जुन्या तिघींपैकी एकीवरचा काही भाग वाचता येईना, आणि मग मात्र मी डबा बंद करून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो मराठी वाङ्मयमंडळात कविता वाचत असे. आता संगणकांच्या साठवणीचेच काम करतो.

मी त्याला गाडीची कथा सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, “मॅडम, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, क्षेत्रकार्यात आधी वही करायची आणि मत नंतर. गाड्यांची वही करा.”

त्या वहीकडे येण्याआधी हार्ड डिस्कच्या पोटात काय चालते ते सांगायला हवे.

आत धातूचा किंवा काचेचा पाया असलेल्या, चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या असतात. तबकडी हा शब्द आपल्याकडे ग्रामोफोनमुळे रुळलेला आहे आणि इथेही तोच चपखल बसतो. घरगुती डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात. एका भुजेच्या टोकाशी लिहिणारे-वाचणारे डोके असते. ते तबकडीला टेकत नाही, तिच्या फिरण्याने ओढल्या गेलेल्या हवेच्या पातळ थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माहिती लिहिली जाते ती एकात एक असलेल्या वर्तुळाकार रेघांवर. इंग्रजी ‘ट्रॅक’ला कुणी ‘मार्ग’ म्हणतात, कुणी ‘पथ’. मला ‘चाकोरी’ हा शब्द अधिक बरा वाटतो. बैलगाडीचे चाक पुन्हा पुन्हा गेल्याने पडलेली वाट म्हणजे चाकोरी, आणि चाकोरी सोडली की काय होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

78 फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोन तबकडीवर एका इंचात साधारण शंभर चाकोऱ्या असत. आजच्या मोठ्या हार्ड डिस्कवर एका इंचात चार-पाच लाख असतात. माणसाचा एक केस आडवा ठेवला तर त्याखाली हजाराहून अधिक चाकोऱ्या झाकल्या जातील. ग्रामोफोन लावलेला असताना कोणी लाकडी जमिनीवरून दणदण चालत गेले की पिन उडी मारीत असे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. इथे चाकोरीला खोबणही नाही, जिच्या कडांनी डोके अडकून राहील. तबकडीवरच जागोजागी खुणेचे ठसे कोरलेले असतात. डोके दर फेऱ्यात अशा शंभराहून अधिक खुणा वाचते, आपण मधोमध आहोत की एका अंगाला सरकलो हे ताडते, आणि भुजा हलवणारी विद्युतगुंडाळी त्याप्रमाणे तिला सावरते. हे सावरणे अखंड चालू असते. डिस्क नुसती फिरत नसते, ती सतत तोल सांभाळीत असते.

आता कंपनाचा मुद्दा. डोके चाकोरीच्या मध्यापासून थोडे ढळले तर वाचणे कदाचित जमून जाते. लिहिणे जमत नाही, किंवा जमू दिले जात नाही. ढळलेल्या डोक्याने लिहिले तर शेजारच्या चाकोरीवरचा मजकूर पुसला जाईल. म्हणून चाकोरीच्या रुंदीच्या साधारण एक-दशांश ते सातव्या भागाइतके डोके बाजूला गेले की डिस्क लिहिणे तत्काळ थांबवते आणि ती जागा पुन्हा डोक्याखाली येईपर्यंत, म्हणजे पूर्ण एक फेरा, वाट पाहते. 7200 फेऱ्यांच्या डिस्कमध्ये एक फेरा 8.33 मिलिसेकंदांचा, 5400 च्या डिस्कमध्ये 11.1 मिलिसेकंदांचा. ऐकायला काहीच नाही. पण सलग लिहिताना प्रत्येक फेऱ्याला एक फेरा वाया जाऊ लागला की वेग निम्मा होतो, दोन वाया गेले की एक-तृतीयांश. डिस्क मोडलेली नसते, चूकही करीत नसते. ती भिडस्त माणसासारखी थांबून राहते. बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते की ती मंद झाली आहे.

आपल्या भाषेत हलण्याचे शब्द भरपूर आहेत आणि इथे ते उपयोगी पडतात. हादरा एकदा बसतो आणि जातो. थरथर बारीक आणि सलग असते. घरघरीत आवाज आणि थरथर दोन्ही येतात. डिस्कला मोठा हादरा वाईट हे सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्या कामाचा वेग खाते ती थरथर. त्यातही सगळी थरथर सारखी नाही. सेकंदाला दहा-वीस वेळा होणारे संथ हेलकावे ती सावरणारी यंत्रणा सहज जिरवते, कारण तेवढ्या अवधीत तिला खुणा वाचायला हजारो संधी मिळतात. सेकंदाला काहीशे ते हजार-दोन हजार वेळा होणारी थरथर मात्र तिला पुरती पकडता येत नाही.

दिशेचाही फरक पडतो. भुजा खिळीवर नेमकी तोललेली असते, तागडीच्या दांडीसारखी. तागडी उभीच्या उभी वर उचलली किंवा आडवी सरकवली तर दांडी झुकत नाही. डबा सरळ रेषेत हलला तर भुजाही त्याच्याबरोबर जाते आणि डोके फारसे ढळत नाही. पण डब्याला पीळ बसला, तो किंचितही गर्रकन वळला, तर खालची तबकडी वळते आणि भुजा जडत्वाने मागे राहते. अशा पिळाचा सर्वात जवळचा उगम म्हणजे शेजारची डिस्क. तिची भुजा झटक्यात एकीकडे गेली की तिचे अंग उलट दिशेला वळते, आणि एकाच पातळ पत्र्याच्या डब्यात बसलेल्या चौघी एकमेकींना अशा कोपरखळ्या मारीत राहतात. म्हणून अशा डब्यांसाठी बनवलेल्या महागड्या डिस्कमध्ये पीळ ओळखणारे संवेदक असतात. धक्का कळताच भुजेला तितकाच उलट रेटा दिला जातो.

आवाज म्हणजेसुद्धा हवेचे कंपन. 2008 च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग या सन मायक्रोसिस्टिम्समधील अभियंत्याने डिस्कच्या रांगेसमोर उभे राहून मोठ्याने ओरडून दाखवले आणि त्या क्षणी डिस्कचा प्रतिसाद किती लांबला त्याचा आलेख पडद्यावर उमटला. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. 2016 च्या सप्टेंबरात बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या संगणककेंद्रात आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेतली गेली. आग लागलेली नव्हती. निष्क्रिय वायू तोट्यांतून इतक्या कर्कश आवाजाने सुटला की कित्येक डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार सुमारे दहा तास बंद राहिले. आणखी एक गोष्ट संगीतप्रेमींना आवडेल. जॅनेट जॅक्सन यांच्या 1989 च्या ‘रिदम नेशन’ या गाण्यातील काही स्वर एका काळच्या काही मांडीसंगणकांतील 5400 फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळत आणि गाणे लावताच संगणक बंद पडे. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी 2022 मध्ये ही हकीकत लिहिली. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिले की तो उंच जातो. अनुस्पंदन म्हणतात ते हेच. निर्मात्यांनी तेवढे स्वर गाळणारी चाळणी ध्वनियंत्रणेत बसवून प्रश्न सोडवला, म्हणजे डिस्क सुधारली नाही, गाणेच किंचित कमी ऐकवले.

अशा कथा वाचल्यावर माझी गाडीवरची श्रद्धा वाढलीच. वही केली ती त्या श्रद्धेने. ऑक्टोबरच्या सुट्टीत तेवीस दिवस मी कॅसलरॉकला होते. जुन्यांपैकी एक धडधाकट डिस्क रिकामी करून घेतली होती. ती आणि डब्याने हाकललेली नवी, अशा दोन डिस्क वेगवेगळ्या जोडून मी रोज ध्वनिमुद्रणांचे एकच मोठे बाड दोन्हींवर उतरवीत असे. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात वेग, तिसऱ्यात गाडी: वर जाणारी की खाली, भरलेली की रिकामी. भाऊ ओसरीवर बसून आवाजावरून सांगे. इतक्या वर्षांनी त्याचे कान अजून शाबूत आहेत.

विसाव्या दिवसापर्यंत वहीतून दोन गोष्टी वर आल्या, आणि त्या दोहोंत गाडी नव्हती.

जुन्या डिस्कचा वेग दिवसभर एकसारखा असे. गाडी असो वा नसो, मला फरक सापडला नाही. घर रुळांपासून जरा दूर आहे. मधल्या मातीतून घरापर्यंत येते ती संथ, जड थरथर, जी तावदानांना वाजवते पण डिस्कला सहज सावरता येते. मात्र काही सकाळी साडेआठच्या सुमारास तिचा वेग अर्ध्यावर येई आणि वीसेक मिनिटांनी पूर्ववत होई. हे रोज घडत नसे. मी वहिनीला वही दाखवली. तिने तारखा पाहिल्या आणि हसून म्हणाली, “ताई, हे माझे दळणाचे दिवस.” डबा ज्या प्लायवूडच्या फळीवर होता तीच फळी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात निघते, आणि तिच्यावर घरघंटी ठेवलेली आहे. घरघंटीची मोटर मिनिटाला दोन-अडीच हजारांहून अधिक फेरे घेते आणि आतली पाती दाणे फोडतात. पात्यांच्या संख्येने गुणले की सेकंदाला काहीशे ठोके होतात. डिस्कला नेमकी नकोशी वाटणारी थरथर ती हीच. माझ्या साठ्यात जात्यावरच्या ओव्यांची एक मोठी पेटी आहे, हे वहिनीला ठाऊक होते. ती त्यावर काही बोलली नाही, पण घरघंटी त्याच दिवशी खाली शहाबादी फरशीवर आली.

आधी मात्र मी शहाणपणा केला होता. डब्याला हादरे बसू नयेत म्हणून त्याखाली कापसाची उशी घातली होती. माझ्या विद्यार्थ्याने ती काढायला लावली. मऊ आधारावर ठेवलेली डिस्क स्वतःच्याच भुजेच्या झटक्याने डुलते आणि पीळ वाढतो. डिस्क घट्ट आणि जड आधाराला आवळलेली असावी, आणि तो आधार थरथरणाऱ्या वस्तूपासून वेगळा असावा. खाली पातळ रबराचे चार ठोकळे पुरतात.

दुसरी गोष्ट नव्या डिस्कची, आणि नुकसान तिच्यामुळे झाले होते. तिच्यावर पहिली काही गिगाबाइट झपाट्याने उतरत. मग एका टप्प्यावर वेग अचानक दहाव्या हिश्शावर येई, कधी पूर्ण थांबे, आणि डिस्क रात्रभर मोकळी ठेवली की दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजीतवानी. गाडीशी संबंध नाही, दळणाशीही फारसा नाही. जितके जास्त लिहावे तितके हे ठरल्याप्रमाणे घडे. वहीतली ती पाने मी फोनवर वाचून दाखवली तेव्हा तो लगेच म्हणाला, “मॅडम, ही कौलारू डिस्क आहे.” इंग्रजी नावाचे त्याने तिथल्या तिथे केलेले हे मराठीकरण मला इतके आवडले की मी तेच इथे वापरते.

चाकोरी लिहिणाऱ्या टोकाला पुरेसे चुंबकीय बळ हवे असते, म्हणून ते एका मर्यादेपलीकडे अरुंद करता येत नाही. वाचणारे टोक मात्र त्याहून बरेच अरुंद असू शकते. मग रुंद चाकोरी लिहून तिचा अरुंद भागच वाचायचा असेल तर उरलेला भाग वाया का घालवावा? पहिली चाकोरी लिहायची, दुसरी तिच्या काही भागावर चढवून लिहायची, तिसरी दुसरीवर. प्रत्येकीचा एक उघडा काठ उरतो, तेवढा वाचायला पुरतो. तितक्याच तबकडीवर जास्त माहिती मावते आणि डिस्क स्वस्त पडते. 2013 च्या सुमारास अशा डिस्क बाजारात येऊ लागल्या.

आमच्याकडची छपरे पाहिलेल्या माणसाला यातली अडचण सांगावी लागत नाही. वळचणीकडून आढ्याकडे कौले चढवीत नेतात, वरची ओळ खालच्या ओळीवर बसते. खालचे एक कौल बदलायचे तर वरचे उचलावे लागते. मंगलोरी कौलाला तेवढ्यावर भागते. डिस्कमध्ये भागत नाही, कारण तिथे कौल उचलता येत नाही, फक्त नवे चढवता येते. मधली एक चाकोरी बदलली की तिच्यावर चढलेली पुढची बिघडते, ती पुन्हा लिहिली की तिच्या पुढची. म्हणून तबकडीचे पट्टे पाडलेले असतात, बहुतेकदा 256 मेगाबाइटचे, आणि दोन पट्ट्यांमध्ये मोकळी फट सोडलेली असते. एक ओळ दुरुस्त करायला त्या पट्ट्यातील पुढचे सारे आधी वाचून घ्यायचे आणि पुन्हा लिहायचे. छप्पर शाकारण्यासारखेच हे काम आहे, एका गळक्या थेंबासाठी.

हे काम लगेच करावे लागू नये म्हणून डिस्क थोडी जागा साध्या, न चढवलेल्या चाकोऱ्यांची राखून ठेवते. नवे लिखाण आधी तिथे उतरते, आणि तुम्ही काही करीत नसाल तेव्हा डिस्क ते हळूहळू कौलांवर नेऊन बसवते. रोजच्या वापरात कुणाला पत्ताही लागत नाही. पण सलग खूप लिहिले की ती ओसरी भरते, आणि मग डिस्क तुमचे नवे सामान घेण्याआधी जुने आत नेऊ लागते. पहिल्या काही गिगाबाइटनंतर माझ्या वहीत जो वेग कोसळतो, तो इथे.

बिघडलेल्या डिस्कची पुनर्बांधणी म्हणजे तासन्‌तास अखंड लिहिणे. त्यात मी त्याच दिवसांत उन्हाळ्यातील नवी ध्वनिमुद्रणेही डब्यात घालीत होते, म्हणजे मध्येमध्ये विखुरलेले लिखाण. कौलारू डिस्क शाकारणीत गुंतून दीर्घकाळ उत्तर देईना, आणि उत्तर न देणारी डिस्क मेली असे समजण्याची डब्याला सवय असते. म्हणून त्याने तिला बाहेर काढले. ती निरोगी होती. तिकडे जुन्या तिघींना मी तीन वेळा टोकापासून टोकापर्यंत वाचायला लावले, तेही दळणाच्या फळीवर; त्या श्रमात एकीवरची म्हातारी जागा उघडी पडली.

नव्या डिस्कच्या खोक्यावर कुठेही लिहिलेले नव्हते की ही कौलारू आहे. हा अनुभव एकट्या माझा नाही. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटल या कंपनीच्या, अशाच डब्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतील काही डिस्क आतून कौलारू असल्याचे ग्राहकांनी शोधून काढले. बराच गाजावाजा झाला, अमेरिकेत खटले झाले, आणि कंपनीने न चढवलेल्या चाकोऱ्यांच्या डिस्कना ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले. आता निर्माते आपल्या तक्त्यांत प्रकार नोंदवतात. खरेदीआधी डिस्कचा पूर्ण क्रमांक घेऊन तो तक्ता पाहणे एवढेच ग्राहकाच्या हाती आहे.

इथे कंपन आणि मुद्रणाची पद्धत हे दोन विषय एकमेकांना भेटतात. चाकोरीचा उघडा काठ जितका अरुंद तितके ढळणे महाग. साध्या डिस्कमध्ये एक फेरा वाया गेला तर एक फेराच जातो. कौलारू डिस्कमध्ये तो शाकारणीच्या मध्ये जातो, आणि साऱ्या पट्ट्याचे काम लांबते. नव्या मोठ्या डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरतात, तेही अंशतः यासाठीच. हेलियमची घनता हवेच्या सातव्या हिश्शाइतकी असल्याने फिरणाऱ्या तबकड्यांभोवती भोवरे कमी उठतात आणि आतली स्वतःची थरथर कमी होते. लेसरने क्षणभर तापवून लिहिणाऱ्या, तीस टेराबाइटच्या पुढच्या डिस्क 2024 पासून येऊ लागल्या आहेत. त्या आपल्या कपाटात यायला वेळ आहे.

मग हलणारा भागच नसलेली साठवण का वापरू नये, असे कुणी विचारील. ती कामाला उत्तम आहे, मी लिप्यंतर करताना तीच वापरते. पण तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तो भार झिरपून जाऊ शकतो. शिवाय तितक्याच जागेला ती महाग पडते. अडगळीत ठेवून विसरण्याची आपली पद्धत तिला मानवत नाही.

किती गेले ते सांगते. दोनशे अकरा तासांच्या साठ्यापैकी नऊ तास वाचता आले नाहीत. त्यातले पाच तास मला पुन्हा मिळाले, कारण एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी त्यांची प्रत नेली होती आणि पेनड्राइव्हवर तशीच ठेवली होती. उरलेल्या चार तासांत एका गवळी वस्तीवरच्या आजींचे बोलणे होते. म्हशींना हाक मारण्याचे त्यांचे शब्द, दुधाच्या प्रत्येक अवस्थेचे शब्द, आणि जात्यावर बसून म्हटलेल्या साठ-सत्तर ओव्या. त्यांतल्या बावीस माझ्या वहीत उतरवलेल्या आहेत; बाकीच्यांच्या नुसत्या पहिल्या ओळी. आजी 2018 मध्ये गेल्या. त्या वस्तीवरच्या तरुण बायकांना मी विचारले. त्यांना चाली येतात, शब्द येत नाहीत.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतल्या कित्येकींचे ध्वनिमुद्रण झाले, आणि 2017 पासून त्या पारी या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येऊ लागल्या. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेले मराठी बोलींचे सर्वेक्षणही महाजालावर खुले आहे. या दोन्ही कामांकडे मी आजवर अभ्यासक म्हणून पाहिले. आता साठवण म्हणूनही पाहते: तिथला आवाज अनेक जागी आहे, एका फळीवर नाही. आमच्यासारख्या एकेकट्या माणसांच्या कपाटांतला आवाज मात्र एकेकाच फळीवर असतो, आणि तो कुठल्याही सूचीत नोंदवलेला नसतो. अकादमीने सभासदांकडून निदान अशी सूची मागवावी, कोणाकडे कोणत्या वस्तीचे किती तास आहेत आणि किती प्रती आहेत, असे मला वाटते. प्रत्यक्ष साठा कुठे ठेवायचा हा पुढचा, पैशाचा प्रश्न आहे. सूचीला कागद पुरतो.

आता माझ्याकडे तीन प्रती आहेत. एक कॉलेजच्या गावी, जाड लाकडी मेजावर घट्ट बसवलेली, साध्या चाकोऱ्यांची. तीत रोजची भर पडते. दुसरी बेळगावला बहिणीकडे, वर्षातून दोनदा ताजी होणारी. तिसरी कॅसलरॉकलाच, पण फळीवर नव्हे, देवघराच्या दगडी कोनाड्याखाली. ती तीच, डब्याने तीनदा हाकललेली डिस्क. तिच्यावर मी एकदाच, सावकाश, दोन रात्री मध्ये मोकळ्या सोडून सारा साठा लिहिला आणि नंतर हात लावला नाही. वाचायला ती कुठल्याही डिस्कइतकीच चांगली आहे. तिच्या अंगावर पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहून ठेवले आहे: कौलारू, फक्त वाचण्यासाठी. पावसाळ्यापूर्वी भाऊ छपराची कौले परतवून घेतो तेव्हा ती जोडून, सगळे वाचता येते का ते पाहायचे, असे आमचे ठरले आहे.